घरातली घातक रसायनं: आधी छाननी, मग कप्पा, मग कुलूप

हे काम बहुतेक घरांत उलट्या क्रमानं होतं. आधी जागा ठरते, म्हणजे सिंकखालचा कप्पा नाहीतर माळा. मग ॲसिड, ब्लीच, फिनाईल, थिनर, झुरळांचा स्प्रे, उंदराचं औषध असं सगळं तिथे कोंबलं जातं आणि वर एक कडी लागली की काम झाल्यासारखं वाटतं. पण त्या बंद कप्प्यात ॲसिडची बाटली गळली आणि शेजारी ब्लीचची बाटलीही पाझरत असली, तर आत क्लोरिन वायू तयार होतो. दुसऱ्या दिवशी दार उघडणाऱ्याच्या तोंडावर तो येतो. तिथे कडीचा काही उपयोग नसतो.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. जागेचा विचार सहाव्या पायरीवर येतो, तो मुद्दाम.

## तयारी

साधारण दोन-तीन तास हाताशी ठेवा आणि लहान मुलं व पाळीव प्राणी घरात नसतील अशी वेळ निवडा. मुलं शेजारच्या खोलीत आहेत म्हणून चालणार नाही, कारण मधल्या काळात सगळ्या बाटल्या जमिनीवर मांडलेल्या असतील.

लागणाऱ्या वस्तू: रबरी हातमोजे, डोळे झाकणारा चष्मा, काठ असलेले चार-पाच प्लास्टिकचे ट्रे, एक बादली, पक्क्या शाईचा मार्कर, चिकटपट्टी, जुने कपडे किंवा कागद. खिडक्या उघडा. गॅस बंद करा. घरात कुठेही ज्योत, उदबत्ती, सिगारेट, पेटता हीटर नको.

सावधान: हे काम चालू असताना कशातही काही ओतायचं नाही. दोन अर्धवट बाटल्या एक करून जागा वाचवण्याचा मोह इथेच होतो. लेबल एकच दिसलं तरी आतला माल तोच असेल याची खात्री नसते.

## १. सगळं एका ठिकाणी आणा

बाथरूम, स्वयंपाकघर, गॅलरी, माळा, गाडीची डिकी, हत्यारांचा डबा अशी एकेक जागा रिकामी करा. लोक साफसफाईच्या बाटल्या गोळा करतात आणि थांबतात. खरं तर निम्म्या धोकादायक वस्तू साफसफाईच्या नसतातच. नेलपॉलिश रिमूव्हर, केसांचा रंग, सॅनिटायझर, डिओडरंटचे डबे, डासांच्या मशीनच्या रिफिल, डांबरगोळ्या, पारा असलेला जुना थर्मामीटर, फुगलेली मोबाइलची बॅटरी, रिमोटमधून निघालेले बटण सेल, सुपरग्लू, झाडांचं कीटकनाशक, वॉशिंग मशीनच्या रंगीत कॅप्सूल हे सगळं यात येतं.

पर्स आणि ड्रेसिंग टेबलचे खण विसरू नका. रांगणाऱ्या मुलाच्या हाताला आधी तेच लागतात.

बाटल्या उभ्याच ठेवून न्या, एका वेळी एकच. झाकणाला धरून उचलू नका, बुडाला हात द्या.

## २. बाटली तपासा

इथे घाई करू नका. प्रत्येक बाटली फिरवून बघा: झाकणाखाली थर जमलाय का, बूड ओलं आहे का, बाजू फुगल्यात का, डब्याला गंज आहे का, लेबल वाचता येतं का.

आमच्या सिंकखालच्या कप्प्याच्या बिजागऱ्या दोन वर्षांत तपकिरी पडल्या होत्या. ओलाव्यानं गंजल्या असं मी धरून चालले होते. एकदा कप्पा रिकामा केला तेव्हा दिसलं की टॉयलेट क्लीनरच्या बाटलीकडची बिजागरी पार खपल्या सुटण्याइतकी गंजली होती आणि दुसऱ्या टोकाच्या बिजागरीवर नुसते ठिपके होते. बाटली वरून ठीक दिसत होती. झाकण मात्र अर्धा फेरा सैल होतं. बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, त्याची वाफ धातू खाते. तेव्हापासून मी कोणाच्याही घरी सिंकखालचं दार उघडलं की आधी बिजागऱ्यांकडे बघते. एकाच बाजूचा गंज दिसला की त्या बाजूची बाटली गळते आहे असं समजा.

ब्लीचची बाटली फुगलेली दिसली तर त्याचं कारण वेगळं असतं. ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट उष्णतेनं आणि उजेडानं विघटित होतं आणि त्यातून ऑक्सिजन सुटतो. म्हणून त्याची बाटली अपारदर्शक असते. अशा बाटलीचं झाकण तोंडाजवळ धरून उघडू नका. मोकळ्या हवेत, तोंड दुसरीकडे करून, अगदी हळू फिरवा.

गळणारी बाटली चिकटपट्टीनं बंद करून परत ठेवू नका. ती तशीच उभी प्लास्टिकच्या बादलीत ठेवा, बादलीवर नाव लिहा आणि ती बाजूला काढा. एका बादलीत एकच बाटली.

बदललेली बाटली

घरातल्या रसायनांच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारी चूक कोणती असं कोणी विचारलं, तर मी हीच सांगेन: मूळ बाटलीतून काढून पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरणं. रॉकेल आणि थिनर पाण्यासारखं दिसतं. पांढरं फिनाईल पाण्यात पडलं की हुबेहूब दुधासारखं होतं. तहानलेला मोठा माणूसही अंधारात लेबल वाचत नाही, बाटलीचा आकार बघून तोंडाला लावतो.

आमच्याकडे रंगकाम झाल्यावर उरलेलं थिनर कोणीतरी पाण्याच्या बाटलीत भरून गॅलरीत ठेवलं होतं. माझा भाचा तेव्हा अडीच वर्षांचा. मी बघितलं तेव्हा बाटली त्याच्या हातात होती आणि तो दातांनी झाकण फिरवायचा प्रयत्न करत होता. झाकण घट्ट होतं, एवढ्यावरच निभावलं.

अशी बाटली सापडली आणि आत काय आहे ते नक्की माहीत नसेल, तर वास घेऊन ओळखायचा प्रयत्न करू नका. वर मोठ्या अक्षरांत ‘विष, अज्ञात’ लिहा आणि टाकायच्या ढिगात ठेवा. काय आहे ते नक्की माहीत असेल, तरी ती बाटली घरात टिकवायची नाही. रसायन मूळ बाटलीतच राहिलं पाहिजे, कारण इशारा, घटक आणि डॉक्टरला लागणारी माहिती त्या लेबलवरच असते.

तपासा: पुढे जाण्याआधी जमिनीवरच्या प्रत्येक बाटलीवर वाचता येईल असं मूळ लेबल आहे का? नसेल ती वेगळी निघाली का?

## ३. लेबलवरची चिन्हं वाचा

लाल चौकटीचा, कोनावर उभा असलेला चौकोन आणि आत काळं चित्र, ही खूण बऱ्याच देशांत एकसारखी वापरतात. संयुक्त राष्ट्रांच्या या पद्धतीत अशी ९ चित्रं आहेत. घरासाठी पाच ओळखता आली तरी पुरे: ज्योत म्हणजे पेट घेणारं. हातावर आणि धातूवर थेंब पडतोय म्हणजे जाळणारं. कवटी म्हणजे थोड्या मात्रेतही विषारी. सिलिंडर म्हणजे दाबाखालचा वायू. वर्तुळावर ज्योत म्हणजे आग भडकवणारं, स्वतः जळत नसलं तरी.

‘डेंजर’ आणि ‘वॉर्निंग’ हे शब्द सारखे नाहीत. ‘डेंजर’ जास्त गंभीर. ‘नैसर्गिक’ किंवा ‘हर्बल’ या शब्दांवरून मात्र काहीच ठरवू नका. टर्पेंटाइन झाडाच्या राळेपासूनच बनतं.

## ४. गट पाडा

आता ट्रे मांडा. प्रत्येक गटाला स्वतंत्र ट्रे.

ॲसिड: टॉयलेट क्लीनर, फरशीचं ॲसिड, क्षार काढणारं द्रव, गंज काढणारं द्रव, व्हिनेगर.

ब्लीच: ब्लीच, ब्लीचिंग पावडर आणि क्लोरिन असलेलं कुठलंही जंतुनाशक. याला एकटं ठेवा. ॲसिडबरोबर क्लोरिन वायू होतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रवाबरोबर क्लोरामाइनची विषारी वाफ होते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. ‘दोन्ही साफसफाईचीच आहेत, दोन्हींत ॲसिड नाही’ म्हणून ही जोडी शेजारी ठेवली जाते. ब्लीचिंग पावडर तर तेल, रॉकेल, थिनर यांच्या संपर्कात आली तरी पेट घेऊ शकते.

अमोनिया आणि कॉस्टिक: काच पुसायचं द्रव आणि नळी मोकळी करायचं कॉस्टिक. कॉस्टिक सोडा हवेतला ओलावा ओढतो आणि पाणी लागलं की तापतो. ॲल्युमिनियमच्या डब्यात तर तो हायड्रोजन वायू सोडतो, म्हणून ‘छान झाकणाचा डबा आहे’ म्हणून त्यात काढून ठेवू नका.

पेट घेणारं: थिनर, टर्पेंटाइन, रॉकेल, स्पिरिट, सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर, पॉलिश, सगळे स्प्रे. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या ॲसिटोनची वाफ उणे २० अंश सेल्सियसलाही ठिणगीनं पेटू शकते, म्हणजे घरात ती कायमच पेटण्याच्या तयारीत असते. रॉकेलला साधारण ३८ अंशांच्या वर जावं लागतं. तापलेल्या छपराखालच्या माळ्यावर तेवढी उष्णता सहज होते.

विष: कीटकनाशक, उंदराचं औषध, डांबरगोळ्या, डासांच्या रिफिल. उंदराच्या काही औषधांत झिंक फॉस्फाइड असतं. त्याला ओल लागली की फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो, म्हणून ते कोरडंच राहिलं पाहिजे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात ठेवूच नका, कुलपातही नाही. डांबरगोळ्या गोळ्या-चॉकलेटसारख्या दिसतात. ‘जी-सिक्स-पीडी’ या एन्झाइमची कमतरता असलेल्या मुलांच्या रक्तपेशी त्यातल्या नॅफ्थलिननं फुटू शकतात.

बटण सेल आणि फुगलेल्या बॅटऱ्या यांपैकी कुठेच बसत नाहीत. सेलच्या दोन्ही बाजूंना लगेच चिकटपट्टी लावा आणि एका घट्ट झाकणाच्या डब्यात टाका. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. ती घराबाहेर, न जळणाऱ्या जागी ठेवा आणि त्याच दिवशी बॅटऱ्या गोळा करणाऱ्यांकडे द्या.

तपासा: ब्लीचच्या ट्रेमध्ये ब्लीचशिवाय दुसरं काही आहे का? असेल तर थांबा आणि लेबल पुन्हा वाचा.

## ५. नको ते घराबाहेर काढा

छाननी झाली की लक्षात येतं, अर्ध्याअधिक बाटल्या कोणी वर्षभर हात लावलेल्या नाहीत. ठेवायच्या बाटल्या जितक्या कमी, तितकं पुढचं काम सोपं. टाकताना मात्र सिंकमध्ये, शौचालयात, गटारात किंवा मातीत ओतू नका. स्प्रेचा रिकामा वाटणारा डबा जाळू नका, भोक पाडू नका. वस्तू मूळ बाटलीतच, झाकण घट्ट करून, घातक कचरा वेगळा घेणाऱ्या स्थानिक यंत्रणेकडे द्या. ती सोय होईपर्यंत हा ढीगही बाकीच्यांइतकाच कुलपात राहिला पाहिजे. ‘टाकायचंच आहे’ म्हणून दाराबाहेर ठेवलेली पिशवी महिनाभर तशीच राहते.

## ६. आता जागा

जागेला चार गोष्टी हव्यात: कोरडी, थंड, थोडी हवा खेळणारी, आणि खाण्यापिण्याच्या वस्तूंपासून पूर्ण वेगळी. सिंकखाली ओलावा असतो, पाइप गळतो आणि वर भांडी असतात. माळा तापतो. गॅसच्या शेगडीच्या किंवा गिझरच्या जवळची जागा तर नकोच.

उंचीबद्दल मला स्पष्ट सांगायचं आहे, कारण ‘उंच ठेवा’ हा सल्ला सगळेच देतात. मूल खुर्ची ओढतं, खुर्चीवर डबा ठेवतं आणि वर चढतं. उंच फळीनं त्याला थोडा वेळ लागतो, एवढंच. उलट डोळ्यांच्या वरच्या फळीवरून ॲसिडची बाटली काढताना ती निसटली तर सरळ तोंडावर येते. त्यामुळे जाळणारी द्रवं छातीच्या खाली आणि पक्क्या कुलपात ठेवा. कोरड्या, न सांडणाऱ्या वस्तू वर गेल्या तर हरकत नाही, पण कुलूप तिथेही हवं.

घरात एकच कपाट असेल तर ॲसिड आणि ब्लीच वेगवेगळ्या फळ्यांवर, वेगवेगळ्या खोल ट्रेमध्ये ठेवा. दोन कपाटं मिळाली तर ॲसिड एकात, ब्लीच दुसऱ्यात. पेट घेणाऱ्या वस्तूंसाठी तिसरी जागा शोधा: सावलीत, ठिणगीपासून दूर, आणि जिन्यात किंवा बाहेर पडायच्या वाटेवर नसलेली.

पेट्रोल राहत्या घरात ठेवूच नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि पलीकडच्या खोलीतल्या ज्योतीपर्यंत पोचून तिथून पेटत मागे येते. ठेवावंच लागलं तर त्यासाठीच बनवलेल्या कॅनमध्ये, घरापासून वेगळ्या शेडमध्ये.

सावधान: जवसाच्या तेलाचं पॉलिश पुसलेली फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेल्या फडक्यात ती साठून फडकं आपोआप पेट घेतं. बाहेर उघड्यावर, एकेक पसरून, पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा.

## ७. मांडणी

ट्रे खोल हवा. सर्वांत मोठी बाटली पूर्ण सांडली तरी काठाबाहेर जाणार नाही इतका. द्रव खालच्या फळीवर आणि पावडर वरच्या फळीवर, म्हणजे गळती झाली तरी पावडरीवर पडत नाही. लेबल समोर. एकावर एक बाटली नको. मागच्या रांगेत काय आहे ते पुढची बाटली न हलवता दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर कपाटात माल जास्त झालाय.

बाटली उघडली त्या दिवशी मार्करनं महिना आणि वर्ष लिहा. ब्लीच काही महिन्यांत कमजोर पडतं आणि मग लोक जास्त ओततात, म्हणून तारीख लिहायची.

## ८. कुलूप, आणि कुलपाबाहेरचा वेळ

मुलांना उघडायला अवघड जावं म्हणून बनवलेलं झाकण चांगलं असतं, पण ते मुलाला उशीर लावतं, अडवत नाही. तेही ‘कट’ आवाज येईपर्यंत फिरवलं तरच. झाकणावर सुकलेला थर असेल तर तो आवाज येतच नाही. झाकण ओल्या फडक्यानं पुसा, फडकं लगेच धुवा. किल्ली कपाटाच्याच खिळ्याला टांगू नका.

कपाटातल्या बाटलीपेक्षा मला वापरातल्या बाटलीची जास्त धास्ती वाटते. फरशी पुसताना बेल वाजते, बाटली उघडी कोपऱ्यात राहते, आपण दारात बोलत उभे राहतो. यासाठी घरात एकच सवय लावा: हवं तेवढं मोजून घ्यायचं, झाकण लावायचं, बाटली कपाटात, कुलूप, आणि मगच कामाला सुरुवात. काम संपल्यावर ठेवू असं नाही. बादलीत पातळ केलेलं द्रवही तसंच: उरलं तर दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवू नका.

मुलासमोर औषधाला ‘चॉकलेट’ आणि फिनाईलला ‘दूध’ म्हणू नका, लाडानंही नाही.

तपासा: घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला किल्ली कुठे आहे हे माहीत आहे का? पाहुणे, आजीची औषधं असलेली पिशवी, कामाला येणाऱ्या ताई, यांचाही विचार झाला का? ताईंना कप्पे कसे ठेवलेत आणि कशाबरोबर काय मिसळायचं नाही, ते एकदा शेजारी उभं राहून दाखवा.

## ९. दाराच्या आतल्या बाजूचा कागद

एका जाड कागदावर खालचं मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. वर विषबाधा हेल्पलाइन, रुग्णवाहिका आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा नंबर. तो आजच एकदा पडताळून बघा.

पोटात गेलं: उलटी करवू नका. मिठाचं पाणी नको, लिंबू नको, सोडा नको. जाळणारं रसायन वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतं. रॉकेल किंवा थिनर उलटीबरोबर फुप्फुसात गेलं तर तिथे जीवघेणी सूज येते. तोंड पुसा, चूळ भरू द्या, फोन करा, आणि निघताना बाटली बरोबर घ्या.

डोळ्यात गेलं: लगेच वाहत्या पाण्याखाली, पापण्या उघड्या धरून १५ ते २० मिनिटं. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर धुताधुता काढा. डॉक्टरकडे त्यानंतर, पण त्याच दिवशी.

अंगावर पडलं: कपडे काढा, भरपूर पाण्यानं धुवा. वर मलम, तूप, टूथपेस्ट काही लावू नका.

वायू झाला, डोळे चुरचुरले, खोकला आला: सगळ्यांना घेऊन बाहेर मोकळ्या हवेत. सांडलेलं पुसायला परत आत जाऊ नका.

बटण सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी: वाट न बघता रुग्णालय आणि एक्स-रे. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत गंभीर इजा करू शकतो, आणि सुरुवातीला मूल अगदी नेहमीसारखं खेळत असतं.

## १०. महिन्याची फेरी

महिन्यातून एकदा, दहा मिनिटं. झाकणं, बुडं, ट्रेमधला ओलावा, बिजागऱ्या. नवीन आलेली बाटली योग्य ट्रेमध्ये गेली का? एखादी बाटली बदललेली तर नाही ना? मूल रांगायला लागलं, चालायला लागलं, खुर्चीवर चढायला लागलं, की त्या आठवड्यात पायरी १ पासून पुन्हा सुरू करा. या वेळी गुडघ्यांवर बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून सगळं घर बघत.